श्रीनगरच्या विमानतळावरच्या त्या दोघांचे आभार

गुलमर्गला बर्फावरून घसरून आईच्या घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर घालून दुसऱ्याच दिवशी आम्ही मुंबईच्या विमानासाठी निघालो. काउंटरवरच्या मुलीने कागद पाहिले आणि प्लास्टर ४८ तासांच्या आतलं असेल तर उभं चिरून घ्यावं लागतं, असं सांगितलं. हवेत पाय सुजतो, बंद प्लास्टरमध्ये रक्तपुरवठा अडकतो. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. माझे तर हातपायच गळाले.

पण तिने नुसता नियम दाखवून आम्हाला परत पाठवलं नाही. स्वतः व्हीलचेअर ढकलत वैद्यकीय कक्षात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी प्लास्टर वरपासून खालपर्यंत चिरलं, वर सैलसर बँडेज बांधलं. मग आईची उघडी बोटं त्यांनी हातात धरली. गार पडली होती. "अम्माजी, उंगलियाँ हिलाइए," म्हणत ती चांगली ऊबदार होईपर्यंत चोळत बसले. बाहेर रांग होती, तरी घाई नाही. आईला त्या क्षणी औषधापेक्षा तेच हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

अँब्युलिफ्टमधून, म्हणजे व्हीलचेअरसकट विमानाच्या दारापर्यंत उचलून नेणाऱ्या गाडीतून, आई विमानात चढेपर्यंत ती मुलगी सोबत होती. गडबडीत दोघांची नावं विचारायची राहिली. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. आईचं प्लास्टर निघालंय, ती काठी घेऊन चालते आणि तुमची रोज आठवण काढते.