आमचे आजोबा उठावात नव्हते

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाविकांच्या १९४६ च्या उठावावरील आपल्या दैनिकातला लेख वाचला. ज्यांच्या घरचे कोणी त्या उठावात होते त्यांनी आठवणी कळवाव्यात, असे आवाहन त्याच्या शेवटी होते. आईचे वडील ‘नेव्हीच्या बंडात’ होते असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो असल्यामुळे मी लगेच पत्र लिहायला बसलो. पत्रात एखादी तारीख तरी पक्की असावी, एवढ्याच हेतूने मावशीकडची त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली आणि ते पत्र तिथेच बारगळले. हे त्याऐवजी लिहिलेले दुसरे पत्र आहे.

पहिला पुरावा खरे तर भिंतीवरच होता. आजोबांच्या गणवेशातील छायाचित्रात बाहीवर एकच पट्टी दिसते आणि ती सरळ नाही, नागमोडी आहे. फोटो काढताना त्यांचा हात हलला असावा, हे यावरचे आमचे आजवरचे घरगुती संशोधन! वस्तुस्थिती अशी की त्या काळच्या रॉयल इंडियन नेव्हीत कायम सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या पट्ट्या सरळ असत, व्यापारी जहाजांवरून राखीव दलात आलेल्यांच्या पट्ट्या साखळीसारख्या गुंफलेल्या असत, आणि समुद्राशी पूर्वी कसलाही संबंध नसताना युद्धासाठी नाव नोंदवलेल्या स्वयंसेवक राखीव दलातल्या अधिकाऱ्यांच्या पट्ट्या नागमोडी असत. एक पट्टी म्हणजे सब-लेफ्टनंट. म्हणजे गिरगावातल्या चाळीतून रोज कचेरीत जाणारा हा कारकून युद्धात नौदलाचा कनिष्ठ अधिकारी झाला होता, आणि १९४६ चा उठाव तर अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या नाविकांनी केलेला होता. बंडाची कथा बाहीवरच अडखळली होती. आम्ही पाहिले नाही, इतकेच.

‘राखीव’ या शब्दाने आपली थोडी दिशाभूल होते. गरज पडली तर काढू म्हणून मागे ठेवलेला माल डोळ्यांसमोर येतो. पण १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा या नौदलाकडे जेमतेम आठ जहाजे होती, आणि पुढच्या काही वर्षांत ते ज्या वेगाने वाढले तो या राखीव माणसांवाचून शक्य नव्हता. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘बंगाल’ हे सुरुंग काढणारे छोटे जहाज एका डच तेलवाहू जहाजासह दोन जपानी सशस्त्र जहाजांना भिडले आणि त्यांपैकी दहा हजार टनांहून मोठे ‘होकोकू मारू’ बुडाले. त्या ‘बंगाल’चे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्सन हे राखीव दलाचेच अधिकारी होते.

आमच्या आजोबांच्या वाट्याला असे काही आले नाही. मोठ्या मामांचा तर दावा असा की त्यांनी सगळे युद्ध कुलाब्याच्या ऑफिसात बसून काढले. तो दावा ट्रंकेच्या तळाशी, जानव्याच्या जोडाबरोबर पुडीत बांधलेल्या सहा टोकांच्या पिवळसर ताऱ्याने खोडून काढला. तो बर्मा स्टार, म्हणजे ब्रह्मदेशच्या मोहिमेत भाग घेतल्याबद्दलचे ब्रिटिश पदक आहे. ब्रिटिश सैनिकांना हे तारे नावाविना मिळत. भारतीयांना मिळालेल्या ताऱ्यांच्या पाठीवर मात्र नाव ठोकलेले असे. नखाने मळ खरवडल्यावर आजोबांचे आडनाव एकेक अक्षर करत वर आले. समुद्रावरच्या सहा महिन्यांच्या सेवेचा १९३९–४५ चा तारा आधी मिळवला असेल, तरच नौदलातल्या माणसाला साधारणपणे हा तारा मिळे. आजोबा कधीकधी म्हणत, “चाउंगात अडकलो होतो.” आम्हा मुलांना तो तुरुंग वाटे. चाउंग म्हणजे ब्रह्मदेशी भाषेत खाडी. ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अराकानच्या अशा गाळाच्या, खारफुटीच्या खाड्यांतून या नौदलाच्या मोटर लाँच १९४४-४५ मध्ये फिरत होत्या.

तिसरा पुरावा सेवामुक्तीचा कागद, डिसेंबर १९४५ चा. ‘तलवार’ या मुंबईतल्या नौदलाच्या किनाऱ्यावरील प्रशिक्षण केंद्रातल्या नाविकांनी १८ फेब्रुवारीला अन्नावरून आणि अपमानास्पद वागणुकीवरून संप पुकारला, तेव्हा आजोबा पुन्हा कचेरीत खर्डेघाशी करू लागले होते. कचेरीच्या सेवापुस्तकात त्यांची युद्धातली वर्षे ‘विशेष रजा’ म्हणून एका ओळीत उरकली आहेत.

मग ही बंडाची गोष्ट आली कुठून? कागद दाखवल्यावर मावशी बराच वेळ गप्प बसली आणि मग तिने आजीकडून ऐकलेले सांगितले. त्या फेब्रुवारीत मुंबईत संप आणि गोळीबार चालू होता, दोनशेहून अधिक माणसे त्यात मेली. अशा एका संध्याकाळी आजोबा कोणालाही न सांगता घराबाहेर पडले आणि मध्यरात्रीनंतर परतले. कुठे होतात, या आजीच्या प्रश्नाला त्यांनी “पोरांना बघून आलो” एवढेच उत्तर दिले. ‘बघून आलो’चे ‘त्यांच्यात होतो’ व्हायला दोन पिढ्या पुरल्या.

मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये, दुसऱ्या महायुद्धात ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाही अशा नौदलातल्या सुमारे चारशे आणि व्यापारी जहाजांवरच्या जवळपास सहा हजार माणसांची नावे असलेली नोंदवही आहे. जे परत आले त्यांची नावे तिच्यात असण्याचे कारण नाही; ती कुठे असलीच तर अशाच ट्रंकांत आहेत. कोकणात आणि मुंबईत अशी घरे पुष्कळ असतील. जुने पितळ मोडीत घालण्यापूर्वी ताऱ्याची पाठ तेवढी पाहावी, अशी वाचकांना विनंती आहे.

आपल्याला एक विनंती वेगळी. मोठ्या मामांनी उठावातल्या सहभागींच्या यादीसाठी आजोबांचे नाव आपल्याकडे आधीच पाठवले आहे, असे काल कळले. ते कृपया छापू नये. मामांना मी सांगितले आहे. ते सध्या माझ्याशी बोलत नाहीत.

आपला नम्र,
एक वाचक, दापोली