व्याख्यानाची बातमी आदल्या दिवशी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुणे आवृत्तीत शहरातल्या कार्यक्रमांचं बारीक टायपातलं जे सदर असतं, ते मी अग्रलेखाच्याही आधी वाचते. (राग नसावा.) भजनी मंडळाचा सप्ताह, ज्येष्ठ नागरिक संघात मधुमेहावर भाषण, वाचनालयातलं कविसंमेलन, कुठल्या तरी गिर्यारोहण संस्थेचा स्लाइड शो, सगळं तिथे सापडतं. सापडत नाहीत ती विद्यापीठं. पुण्यात विद्यापीठांची काय वानवा आहे? सरकारी आहेत, अभिमत आहेत, खासगी आहेत. त्यांच्या सभागृहांत देशोदेशीचे अभ्यासक येऊन बोलतात, नाटकं होतात, माहितीपट दाखवले जातात. पण त्यांची बातमी आपल्याकडे येते ती दुसऱ्या दिवशी. ‘अमुक विषयावरील व्याख्यान उत्साहात संपन्न’ असा मथळा, खाली फोटो, फोटोखाली ‘डावीकडून’ म्हणून सात नावं. ज्याचं व्याख्यान होतं तो बहुधा डावीकडून पाचवा. आणि बातमीच्या शेपटाला एक ओळ: कार्यक्रम सर्वांसाठी खुला होता.

मी एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते. अर्थशास्त्रात एम. ए. केलं, पुढे संसार आणि नोकरी, त्यात ते मागे पडलं. वाचायची, ऐकायची खोड मात्र गेली नाही. माझ्यासारखी माणसं या शहरात गल्लोगल्ली आहेत. शाळेतले शिक्षक आहेत, औषधाच्या दुकानात बसणारे आहेत, दिवसभर टेम्पो चालवून रात्री इतिहासाची पुस्तकं वाचणारा आमच्याच सोसायटीत एक आहे. आम्हाला पदवी नको, प्रमाणपत्र नको. कोण, कधी, कुठे बोलणार आहे एवढं वेळेत कळावं आणि ती वेळ नोकरी करणाऱ्या माणसाला जमण्यासारखी असावी, इतकंच मागणं आहे.

एकदा रजा टाकून गेले होते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. जिथे जिथे हा विषय काढला तिथे लोकांनी असेच अनुभव सांगितले. मंगळवार, सकाळी अकराची वेळ. दुष्काळ आणि सहकारी पतव्यवस्था असा विषय, म्हणजे माझ्या रोजच्या पोटापाण्याचा. फाटकावर सुरक्षारक्षकाने विचारलं, “कोणाकडे जायचंय?” म्हटलं, व्याख्यानाला. “कोणत्या मॅडमकडे?” कोणाकडेच नाही हो, व्याख्यान ऐकायला. त्याला ते पटेना. त्याच्या वहीत ‘कोणास भेटावयाचे’ असा रकाना होता आणि तो रिकामा सोडायची त्याला मुभा नव्हती. शेवटी मोबाइलवरचं निमंत्रण दाखवलं, त्यावरचं एका प्राध्यापिकेचं नाव त्याने रकान्यात लिहिलं, माझा गाडी नंबर आणि फोन नंबर घेतला आणि मला आत सोडलं. त्याचा दोष नाही. हजारो मुलंमुली राहतात अशा आवारात कोण येतं-जातं ते बघायलाच हवं. पण आज आत एक खुला कार्यक्रम आहे आणि त्यासाठी बाहेरची माणसं येणार आहेत, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. पुढे सभागृह शोधायचं. निमंत्रणावर सभागृहाचं नाव आद्याक्षरांत होतं आणि ती आद्याक्षरं आवारातल्या एकाही पाटीवर नव्हती.

अकराचा कार्यक्रम पावणेबाराला सुरू झाला, कारण प्रमुख पाहुणे यायचे होते. मग दीपप्रज्वलन. स्वागतगीत. शाल, श्रीफळ, हल्ली त्यात कुंडीतल्या रोपाची भर. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचयातच पाहुण्यांच्या चार पुस्तकांचा सारांश. सूत्रसंचालक दर दोन वाक्यांमागे एक शेर. वक्त्याच्या हाती माइक आला तेव्हा साडेबारा होत आले होते. तो माणूस विदर्भातल्या पतसंस्थांचे वसुलीचे आकडे गावनिहाय घेऊन आला होता. पहिलाच तक्ता पाहून मी सरसावून बसले, कारण कोणत्या महिन्यात हप्ते थकतात ते मला काउंटरवरून दिसतं आणि का थकतात ते हा सांगत होता. तिसऱ्या तक्त्यावर त्याला चिठ्ठी आली. तो आवरतं घेत बसला. प्रश्नोत्तरं ‘वेळेअभावी’ रद्द. आभारप्रदर्शनाला मात्र वेळ होता. त्यात मंडपवाल्यापासून ध्वनिव्यवस्थेपर्यंत कोणी सुटलं नाही. मागच्या रांगांत पहिल्या वर्षाची मुलं तास सोडून आणून बसवली होती. हजेरीचा कागद फिरला आणि त्यामागोमाग रांगाही विरळ झाल्या.

हे सगळं कशासाठी चालतं ते आता कोणापासून लपलेलं नाही. विद्यापीठांचा दर्जा तपासून मानांकन देणाऱ्या ‘नॅक’ची समिती येते, तिला कार्यक्रमांचे अहवाल लागतात, अहवालाला जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो लागतात. फोटो निघाला की कार्यक्रम झाला. श्रोता बाहेरून आला काय न आला काय, फायलीला फरक पडत नाही.

ज्या शहरात हे चालतं त्याला असल्या बाबतीत कोणाकडून शिकायची खरं तर गरज नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली इथे वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती आजही उन्हाळ्यात भरते, आणि भरते ती संध्याकाळी, माणसं कामावरून सुटल्यावर. आज अभिमत विद्यापीठ असलेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मारक व्याख्यानाचंच उदाहरण घ्या. २९ जानेवारी १९३९ रोजी ते द्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. ब्रिटिशांच्या १९३५च्या भारत सरकार कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेची त्यांनी त्या भाषणात चिरफाड केली. भाषण झालं ते गोखले हॉलमध्ये, भर पेठेत. आज तसं भाषण ठरलं तर ते एखाद्या विभागाच्या परिषद-कक्षात दुपारी तीनला होईल आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी ‘डावीकडून तिसरे’ कळेल, अशी मला दाट शंका आहे.

आणि कागदावर तर सगळं आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ सालीच अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य, म्हणजे आवाराबाहेरच्या समाजासाठीचं काम, हे विद्यापीठाचं तिसरं काम मानलं. आपल्या राज्याच्या २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. पुणे आणि मुंबई विद्यापीठांचे बहिःशाल विभाग कितीतरी वर्षं गावोगावी वक्ते पाठवत आले आहेत, बॅ. जयकरांच्या नावाने चालणारी व्याख्यानमाला ग्रामीण भागातल्या अनेकांनी ऐकलेली असेल. विद्यापीठ तालुक्याच्या गावी जाऊ शकतं. फाटकापासून दोन किलोमीटरवर राहणाऱ्याला निरोप तेवढा मिळत नाही.

जमतं हे दाखवणारी उदाहरणंही दूर नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्याच आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे शाळकरी मुलांसाठी विज्ञानाचं व्याख्यान होतं, इंग्रजीतून आणि मराठी-हिंदीतूनही. वार ठरलेला, त्यामुळे जाहिरातीची फारशी गरजच नाही. शाळांना आणि पालकांना तो पाठ असतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आयुकाची दारं सगळ्यांना उघडी असतात आणि लहान मुलांना कडेवर घेतलेली माणसं तिथे रांगेत उभी असतात. डॉ. जयंत नारळीकरांनी संस्था उभारतानाच हे वळण लावलं, ते त्यांच्या पश्चातही टिकून आहे. तिकडे गोवा विद्यापीठाने इतिहासकार दा. ध. कोसंबी, कवी बाकीबाब बोरकर, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या नावांनी अध्यासनं काढली, बाहेरच्या विद्वानांना आणि कलावंतांना त्यांवर बोलावलं आणि त्यांचे वर्ग गावातल्या लोकांनाही खुले केले. विद्यापीठ आहे त्या ताळगावच्या पठारावर चढून जायची तयारी असली की पुरे.

चित्रपटांचं थोडं वेगळं आहे आणि इथे मी विद्यापीठांची बाजूही सांगते, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थांना चित्रपट दाखवायची सवलत आहे, पण प्रेक्षक कोण असावेत हेही तिथेच लिहिलं आहे: कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं. रस्त्यावरून आलेली मी त्यात बसत नाही. मला आत घ्यायचं तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी काढायला हवी. म्हणून फिल्म क्लबची मुलं पोस्टर फक्त आतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात, त्यांना बोल लावता येत नाही. पण याच कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, असंही आहे. म्हणजे प्रभात फिल्म कंपनीने तीसच्या दशकात इथे पुण्यात काढलेले बोलपट आज कोणालाही, कोणासमोरही दाखवता येतात. प्रभातच्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून याच शहरात आहे, विद्यापीठांत पडदे आणि प्रोजेक्टर धूळ खात आहेत. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी जुना मराठी बोलपट आणि त्यावर पंधरा मिनिटं बोलणारं एखादं जाणतं माणूस, एवढं जुळवायला काय लागतं? प्रिंट चांगली मिळवायची खटपट, दुसरं काही नाही. माहितीपट करणारी तरुण मंडळी तर परवानगी आनंदाने देतात. त्यांना प्रेक्षकच मिळत नाहीत.

आणखी एक कारण आहे, त्याबद्दल सगळे दबक्या आवाजात बोलतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा एक नाट्यप्रयोग बंद पाडला गेला आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली. त्या प्रयोगाबद्दल ज्याचं त्याला मत असू शकतं. पण आयोजकांनी त्यातून घेतलेला धडा असा दिसतो की गाजावाजा नको, आपली माणसं आपल्यात बसून कार्यक्रम उरकू. माझ्या मते हा धडा उलटा घेतला गेला. ज्या सभागृहात वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं नेहमी येऊन बसतात, प्रश्न विचारतात, वाद घालतात, तिथे गोंधळ घालायला येणाऱ्याला आधी त्या माणसांशी बोलावं लागतं. रिकाम्या खुर्च्या कोणाला अडवत नाहीत.

तेव्हा विद्यापीठांच्या जनसंपर्क विभागांना विनंती आहे की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या कार्यक्रमांची एक यादी मराठीतून काढावी. तारीख, वार, वेळ, विषय, वक्ता, सभागृहाचं पूर्ण नाव, कोणत्या फाटकाने यायचं आणि पीएमपीची कोणती बस जवळ थांबते, एवढं एका पानावर मावतं. तीच यादी फाटकावरच्या चौकीत चिकटवावी. व्याख्यान शक्यतो संध्याकाळी सहानंतर किंवा शनिवारी ठेवावं, वक्त्याला निदान पाऊण तास द्यावा आणि प्रश्नांची वीस मिनिटं काही झालं तरी कापू नयेत. पाहुण्यांना उशीर झाला तर शाल नंतर द्यावी. आणि भाषण यूट्यूबवर टाकलं की आपलं काम झालं, असं कृपया समजू नये. पंख्याच्या घरघरीतून निम्मं भाषण ऐकू येत नाही आणि प्रश्न विचारायचा म्हटलं तर विचारणार कोणाला?

आपल्यालाही एक विनंती. संपन्न झालेल्या व्याख्यानाचा फोटो छापायला आपण जेवढी जागा देता तेवढीच गुरुवारी द्या आणि त्यात पुढच्या आठवड्यातले विद्यापीठांतले खुले कार्यक्रम छापा. यादी पाठवा म्हणून आपल्या बातमीदाराने विभागांना दोन-तीनदा फोन केले की ती मंडळी आपणहून पाठवू लागतील. पेपरात नाव आलेलं कोणाला नको असतं? गुरुवारी कळलं तर शुक्रवारी साहेबांना सांगून शनिवारची ड्यूटी बदलून घेता येते.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे