कबरीची अक्षरं ‘उठवण्याआधी’

संपादक महोदय,

पावसाळा सरला की अलिबाग-पेण पट्ट्यातल्या बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यू समाजाच्या) दफनभूमींत साफसफाई निघते. इस्राएलहून नातलग यायचे असले की पेंटर बोलावून शिळेवरची अक्षरं काळ्या ऑइलपेंटने ‘उठवून’ घेतात. हेतू चांगलाच, पण घोटाळा तिथेच होतो.

हिब्रू सन अक्षरांत कोरतात, प्रत्येक अक्षराला एक आकडा. ‘ताव’ 400, ‘शिन’ 300, ‘हे’ 5, मिळून 705. वरचे पाच हजार बहुधा गृहीत. या 705 मध्ये 1240 मिळवले की इसवी 1945. मृत्यू नव्याच्या सणापासून (ज्यू नववर्षापासून, सप्टेंबर-ऑक्टोबर) डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर 1239 मिळवायचे. आता गंमत बघा. ‘हे’ची डावी रेघ वरच्या आडव्या रेघेपासून सुटी असते. ज्वारीच्या दाण्याएवढी ती फट रंगाने बुजली की अक्षर ‘खेत’ होतं, म्हणजे 8, आणि माणूस तीन वर्षं उशिरा मेलेला ठरतो. देवनागरी बाजूला झिजलेल्या १ चा ९ होतो.

याने वंशावळ बिघडते. आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन चुलतभाऊ सहज निघतात. फरक फक्त बापाच्या नावात आणि सनात. त्यात नावाची मराठी आणि हिब्रू अशी दोन रूपं: एका शिळेवर सामाजी, दुसरीवर शमुएल. एकीवर इसाजी, दुसरीवर इसहाक. माणूस तोच असू शकतो. बाईच्या शिळेवर नवऱ्याचं नाव, माहेरचं क्वचितच.

म्हणून आधी वाचा. सकाळी सातला किंवा संध्याकाळी पाचला, ऊन तिरपं असताना. नाहीतर आरशाने कवडसा बाजूने टाका. दोन-तीन कोनांतून फोटो काढा. खडू, पीठ चोळू नका.

धुताना शिळा आधी साध्या पाण्याने भिजवा, मग मऊ ब्रशने खालून वर; वरून सुरुवात केली तर ओघळांचे डाग पडतात. दगडफूल बांबूच्या कामटीने हळू सुटतं. तारेचा ब्रश नको. संगमरवराला बाथरूमचं अ‍ॅसिड तर मुळीच नको, अक्षराची कडच विरघळते. बुडाशी सिमेंट थापू नये. ओल आत कोंडते, क्षार फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. एक भाग चुना, तीन भाग वाळू पुरे.

एवढं करून रंग हवाच असेल, तर पेंटरच्या हातात फोटोची छापील प्रत द्या आणि ‘हे’ची फट पेनाने दाखवून ठेवा.

— एक वाचक, अलिबाग