कॉसमॉसच्या चोराचं नाव दिल्ली कधी घेणार?

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. हल्लेखोरांनी बनावट स्विच, म्हणजे एटीएम आणि बँक यांना जोडणारी संगणक यंत्रणा, बसवला होता. एटीएमची विचारणा बँकेपर्यंत पोहोचतच नव्हती, मधल्यामध्ये तो स्विच मंजुरी देत होता. २८ देशांतल्या यंत्रांतून नोटा निघाल्या. दोनच दिवसांनी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्फत सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले.

पुणे पोलिसांनी क्लोन (नकली) कार्डं घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं पकडली, त्यांना २०२३ मध्ये शिक्षाही झाली. पण ते हमाल. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्येच हा हल्ला उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडला होता. ती समितीही रशियाच्या नकाराधिकारामुळे २०२४ मध्ये गुंडाळली गेली.

याला सायबर दहशतवाद म्हटलं, तर ही चोरी, यात दहशतवाद कुठे, असं आपले अधिकारी म्हणतील. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय संगणकात मालवेअर सापडलं, हे ते केंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीने मान्य केलं. सायबर तज्ज्ञांनी त्याचा माग उत्तर कोरियाच्या ‘लाझारस’ टोळीपर्यंत काढला. आज बँक, उद्या वीज.

पुरावा कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. पण आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १९४९ चा कॉर्फू खाडीचा निकाल पाहा. अल्बानियाच्या हद्दीतल्या सुरुंगांमुळे ४४ ब्रिटिश नौसैनिक मेले. सुरुंग कोणी पेरले ते सिद्ध झालं नाही. तरीही अल्बानिया दोषी ठरला, कारण त्याला ते ठाऊक नसणं शक्य नव्हतं आणि त्याने कुणाला सावध केलं नाही. आपल्या भूमीचा असा वापर जाणूनबुजून होऊ देऊ नये, हे सायबर जगासाठीही २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलं. बंधनकारक मात्र केलं नाही, म्हणून सगळेच निवांत.

डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर कोरियाच्या राजधानीतला, प्योंगयांगमधला आपला दूतावास पुन्हा सुरू झाला. चांगलंच झालं. तिथे कॉसमॉसचा विषय लेखी काढला का, हे संसदेत सांगा.

हा नियम आपल्यालाही लागतो, याची जाणीव आहे. मीरा रोडच्या कॉल सेंटरांतून अमेरिकी नागरिकांना लुबाडलं जात होतं, तेव्हा २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी धाडी घातल्या. तेवढीच कारवाई प्योंगयांगकडे मागा. उत्तर आलं नाही, तर तेही सभागृहाच्या पटलावर ठेवा.

आपला,
एक पुणेकर