एस्थर लेडरबर्ग नुसत्या ‘साथीला’ नव्हत्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांच्यावरचा लेख वाचला आणि राहवले नाही. पाऊण पान मजकूर, त्यात एस्थर लेडरबर्ग यांच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे: ‘पत्नीनेही प्रयोगशाळेत मोलाची साथ दिली.’ ही साथ म्हणजे काय, ते लेखकाने जरा तपासायला हवे होते.

लॅम्डा हा जिवाणूंना ग्रासणारा विषाणू एस्थर यांनी शोधला. ई. कोलाय या जिवाणूचा के-12 हा वाण कितीतरी प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वापरात होता. त्याच्या आत एक विषाणू दडून बसला आहे, याचा कुणाला पत्ता नव्हता. अतिनील किरणांच्या माऱ्यातून वाचलेल्या काही पेशींनी तो गमावला होता. त्या मूळ के-12 सोबत एका प्लेटवर, म्हणजे अगर या जेलीच्या बशीवर, वाढल्या तेव्हा कॉलन्या (एका जागी वाढलेल्या पेशींचे ठिपके) कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या. अशी प्लेट बिघडली म्हणून बहुतेक जण टाकून देतात. एस्थर यांनी तिचा छडा लावला आणि 1951 मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. जिवाणूंच्या संकरासाठी लागणाऱ्या एफ घटकावरच्या 1952 च्या निबंधावरही जोशुआ, लुका कवाली-स्फोर्झा आणि एस्थर अशी तीन नावे आहेत. 1958 चे नोबेल जोशुआ यांना बीडल आणि टेटम या शास्त्रज्ञांसोबत मिळाले, एवढे मात्र लेखात ठळक टाइपात आहे.

आता ठसे घेण्याच्या मखमलीबद्दल. एका प्लेटवरच्या कॉलन्यांची नक्कल दुसऱ्या प्लेटवर उतरवण्याच्या पद्धतीवरचा, म्हणजे रेप्लिका प्लेटिंगचा, 1952 चा निबंध जोशुआ आणि एस्थर या दोघांच्या नावावर आहे, आणि लेखात ती पद्धत ‘कापडाने ठसे घेतले’ एवढ्यावर उरकली आहे. खरी खुबी कापडातच आहे. मखमलीचे उभे केस बारीक सुयांसारखे काम करतात: प्रत्येक कॉलनीतल्या थोड्या पेशी उचलतात आणि दुसऱ्या प्लेटवर नेमक्या त्याच जागी ठेवतात. कापड सुती हवे. मेन रोडवर मिळणारी चकचकीत कृत्रिम मखमल इथे चालत नाही, ऑटोक्लेव्हच्या (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) 121 अंशांत तिचे केस बसतात. नव्या कापडातली खळ आधी धुऊन काढावी लागते. निर्जंतुक केलेला तुकडा पूर्ण वाळलेला हवा, अगरच्या पृष्ठभागावरही पाणी नको. ओल राहिली की कॉलन्या फरफटतात आणि एकीच्या पेशी दुसरीत जातात. प्लेट सरळ टेकवायची, सरळच उचलायची. मूळ प्लेटवर आणि प्रत्येक नकलेवर काठाला खूण करायची. ती राहिली तर कोणती कॉलनी कुठली, हे कळायला मार्गच उरत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र पुढे आहे. लेखक म्हणतात, स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाच्या सहवासात जिवाणू त्याला ‘हळूहळू सरावतात’. हा समज खोडून काढण्यासाठीच तर हा प्रयोग झाला! औषध नसलेल्या मूळ प्लेटचे ठसे स्ट्रेप्टोमायसिनच्या अनेक प्लेटांवर घेतले, तेव्हा प्रतिरोधक (औषधाला दाद न देणाऱ्या) कॉलन्या नकलांवर त्याच त्याच जागी उगवल्या. मग मूळ प्लेटवरच्या त्या जागेतल्या पेशी घेतल्या, पुन्हा वाढवल्या, पुन्हा ठसे घेतले. प्रत्येक फेरीत प्रतिरोधकांचे प्रमाण वाढत गेले आणि शेवटी औषधाचा कधीही स्पर्श न झालेले शुद्ध प्रतिरोधक जिवाणू हाती आले. म्हणजे प्रतिरोधक आधीपासूनच असतात. औषध फक्त इतरांना मारून त्यांना मोकळे रान करून देते. 1943 मध्ये लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी हेच गणिताने दाखवले होते, इथे ते डोळ्यांना दिसले.

नाशिकच्या वाचकासाठी हा पुस्तकी वाद नाही. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात डाळिंबाच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगावर स्ट्रेप्टोमायसिन असलेल्या औषधाच्या फवारण्या होत आल्या आहेत. जिवाणू ‘सरावतो’ असे वाचलेला शेतकरी मात्रा वाढवेल किंवा फवारण्या वाढवेल. बागेत थोडे प्रतिरोधक आधीच असतील, तर प्रत्येक जादा फवारणी त्यांचीच पैदास वाढवते. त्यापेक्षा रोगट फांद्या छाटून जाळणे, छाटणीची कात्री दर झाडाला निर्जंतुक करणे आणि बागेत खेळती हवा ठेवणे जास्त उपयोगाचे, कारण या उपायांपुढे प्रतिरोधक आणि साधा जिवाणू सारखेच.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘ई. कोलायच्या वसाहती’ असे छापले आहे. चित्रात हिरवट, केसाळ बुरशी आहे. विज्ञानाच्या पानावरची चित्रे छापण्यापूर्वी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाला दाखवायला किती वेळ लागतो?

1976 पासून स्टॅनफर्डमधले प्लाझ्मिड (जिवाणूंतले सुटे डीएनए-वलय) रेफरन्स सेंटर ज्यांनी सांभाळले, त्या एस्थर यांच्यावर स्वतंत्र लेख यायला हवा. तोवर निदान ‘सरावतात’ या वाक्याची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच टाइपात छापावी, ही विनंती.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक