मताधिकार ‘बहाल’ कुणी केला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या पुरवणीतला पहिल्या पानावरचा लेख वाचला. ‘मराठवाड्यातील जनतेला स्वातंत्र्य आणि मताधिकार बहाल करण्यात आला’ हे वाक्य त्यात दोनदा आलंय. बहाल इनामं होतात, जहागिरी होतात. आमच्या मुलखात बहाल करणारा एकच होता, निजाम, आणि राज्य कुणी चालवावं हे त्यानं रयतेला विचारलं नाही. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये बंदी आली, तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी तुरुंग भोगला, कार्यकर्ते गोविंदराव पानसरे १९४६ मध्ये अर्जापूरजवळ मारले गेले. याला बहाल म्हणायचं?

माझ्या आजीचं सांगते. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, धास्तीनं ती जिंतूर तालुक्यातलं घर सोडून रातोरात निजामाच्या हद्दीबाहेरच्या रिसोडकडे निघाली. सहा वर्षांची माझी आई बैलगाडीत कडब्याखाली झोपवलेली. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजेनं निजामाचं राज्य संपवल्यावर, सगळे परतले तेव्हा घराला कवाडंसुद्धा उरली नव्हती. त्याच आजीनं १९५२ ला पहिल्यांदा मत दिलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर त्याचं चिन्ह. घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, ‘कोणत्या पेटीत टाकलंस?’ आजीनं मरेपर्यंत सांगितलं नाही. आई हे सांगते तेव्हा पदर सारखा करून ताठ बसते.

तीच आई २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाला, माझ्या खांद्याचा आधार घेत शाळेच्या पायऱ्या चढली. पाऊण तास रांगेत उभी राहिली. यादीत तिच्या नावावर ‘वगळले’ असं आडवं छापलेलं. कारण विचारलं तर म्हणे, मयत. आई म्हणाली, ‘अवो, मी हुबी हाय की हितं!’ टेबलामागच्या साहेबांनी मान वर केली नाही. ओळखपत्र मुठीत धरून ती परत निघाली. वाटेत दोनदा थांबून तिनं शाई नसलेलं बोट पाहिलं.

पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली होती. परक्यासमोर स्वतःचं नाव कसं घ्यायचं म्हणून त्यांनी ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ असं सांगितलं होतं. तेव्हाचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी घ्यायला नकार दिला, कारण मत बाईचं स्वतःचं आहे, नवऱ्याचं किंवा पोराचं नाही. माझ्या आईनं तर नाव सांगितलं होतं, सही केली होती, १९६७ पासून एकही मतदान चुकवलं नव्हतं. तिला का वगळलं? घरी येऊन कुणी साधी चौकशी केली नाही. नाव परत घालायला नमुना ६ भरावा लागला, अठरा वर्षांची पोरं नवे मतदार म्हणून भरतात तोच.

आणखी एक. त्याच पुरवणीत पुढाऱ्यांच्या शुभेच्छांच्या जाहिरातींना अडीच पानं आणि रझाकारांशी लढलेल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांना दोन ओळी. त्याही फोटोशिवाय.

‘बहाल’ची दुरुस्ती पहिल्या पानावर छापावी. आई रोज चष्मा लावून पेपर वाचते, तिला मी दाखवीन.

– एक निवृत्त शिक्षिका, जिंतूर