बहिणींच्या सह्या स्वखुशीच्या नसतात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बहीण-भावाच्या नात्यावर आलेला लेख वाचला. लेखकांची तळमळ खरी आहे, भाषाही गोड आहे. परंतु ‘बहिणी मायेपोटी वाटा सोडतात म्हणून माहेर टिकते, आणि वाट्यासाठी हटून बसतात त्या माहेराला मुकतात’ असे जे त्यांनी सरळ लिहून टाकले आहे, ते वाचून रात्री झोप लागली नाही. लेखकांनी कधी वाटा सोडल्याचा दस्त, म्हणजे हक्कसोडपत्र, होताना प्रत्यक्ष पाहिले आहे का, हा माझा पहिला प्रश्न.

मी पाहिले आहे. आमचे वडील २०११ साली गेले. तेराव्याला आलेले पाहुणे परतलेही नव्हते, तेव्हाच दादाने आक्काचे आणि माझे ओळखपत्र आणि फोटो मागून घेतले. ‘वारस नोंदीला लागतात’ एवढेच सांगितले. वारस नोंद झाली, फेरफारावर, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदीत, आम्हा सगळ्यांची नावे लागली आणि लगेच पुढच्या महिन्यात दुय्यम निबंधक कार्यालयात यायचा निरोप आला.

आक्का आम्हा भावंडांत सर्वांत थोरली. चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण आई रानात जायची आणि घरी आम्ही तिघे लहान होतो. धाकट्याला आणि मला तिनेच कडेवर वागवले. पुढे मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, धाकटा पुण्याला कंपनीत गेला, दादाने दहावीनंतर शेती धरली. आम्ही तिघे शिकलो ते आक्का घरी राहिली म्हणून. तिचे लग्न १९८३ मध्ये झाले, तेव्हा तिला अठरा पूर्ण नव्हती. नवरा चाळिशीच्या आत वारला. सासरची जमीन दिरांच्या नावावर, तीही कोरडवाहू. तेव्हापासून आक्का रोजाने दुसऱ्याच्या रानात जात आली आहे, कधी भांगलायला, कधी द्राक्षबागेत विरळणीला.

आणि तिच्या हक्कसोडपत्रात काय लिहिले होते? ‘मी माझ्या सासरी सुखी व समाधानी असून मला सदर मिळकतीची आवश्यकता नाही. माझ्या लग्नात वडिलांनी व भावांनी योग्य तो खर्च केला आहे.’ तिच्या लग्नात दोन्ही भाऊ शाळेत जाणारी पोरे होती, त्यांनी कसला खर्च केला? हा मजकूर दस्त लिहिणाऱ्याकडे तयारच असतो. नाव, गट नंबर आणि चतुःसीमा तेवढ्या बदलायच्या. आक्काला तो कोणीही वाचून दाखवला नाही. मी वाचायला घेतला तर चुलत्यांनी हातातून काढून घेतला. ‘राजीखुशीने देताय ना?’ असे साहेबांनी तिला विचारले, तेव्हा शेजारी दादा उभा होता, मागे दोन चुलते होते आणि बाकावर आमची म्हातारी आई बसली होती. अशा वेळी कोणती बाई नाही म्हणेल? आक्काने मान हलवली आणि दादाला विचारले, ‘कुठं करू रे सही?’ यंत्रावर अंगठा, कॅमेऱ्यासमोर फोटो, आणि काम संपले. लेखक याला माया म्हणतात. आक्काची भावांवर माया आहेच, ती मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण त्या दिवशी तिला विचारलेल्या प्रश्नाला दुसरे उत्तर देण्याची सोयच कोणी ठेवली नव्हती.

मी सही केली नाही. मला पगार आहे, शेती कसायची नव्हती, आणि हे मी तिथेच सर्वांसमोर सांगितले. ‘माझा वाटा आक्काच्या नावावर करा, मग म्हणाल तिथे सही करते,’ एवढेच माझे म्हणणे होते. त्यावर चुलते म्हणाले, ‘शिकवली म्हणून ही बोलायला लागली.’ तेव्हापासून मला भाऊबीजेचे बोलावणे नाही. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका पोस्टाने आली. म्हणजे लेखकांच्या हिशेबाने मी माहेराला मुकले, हे बरोबर आहे.

मग जिने सही केली तिच्या माहेराचे काय झाले, तेही त्यांनी ऐकावे. त्या दिवशी आक्काला एक साडी मिळाली. पुढे एका वादळात तिच्या घराचे पत्रे उडाले. ती आयुष्यात पहिल्यांदाच भावांकडे काही मागायला गेली. वहिनी म्हणाली, ‘तुमचं सगळं लिहून झालंय की आता.’ आक्का पाणी पिऊन परत आली. नंतर महामार्गाच्या रुंदीकरणात आमच्या गटातला पट्टा संपादित झाला. सातबाऱ्यावर माझे नाव राहिलेले असल्याने मोबदल्यात माझाही हिस्सा निघाला. भावांनी हरकत घेतली, प्रकरण लांबले, पण अखेर पैसे मिळाले आणि त्यातून आक्काच्या दोन पक्क्या खोल्या उभ्या राहिल्या. मी त्या दिवशी सही केली असती तर आक्का आजही ताडपत्रीखाली असती. सही करूनही माहेर गेले आणि न करूनही गेले. मग वाटा सोडण्याची अट बहिणीलाच का?

लेखात कायद्याचाही उल्लेख ‘नवा कायदा आल्यापासून घरे फुटू लागली’ असा आहे. कोणता नवा? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस होती. त्याआधी बायकांना वारसाहक्क देऊ पाहणारे हिंदू कोड बिल रखडवले गेले, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडण्यामागे ते एक मोठे कारण होते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, मात्र २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. माझे लग्न १९९५ चे, म्हणून मी आत आणि आक्का बाहेर, एकाच आईबापाच्या पोटच्या. जिला शाळेतून काढले, जिचे लग्न कोवळ्या वयात लावले, तिलाच पुढे अकरा वर्षे कायद्यानेही दारात उभे केले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद गेला. वडील त्या तारखेला हयात असलेच पाहिजेत असेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. घरे कायद्याने फुटत असती तर ती १९५६ पासूनच फुटायला हवी होती. खरे म्हणजे इतकी वर्षे बहिणींनी तोंड उघडले नाही, म्हणून ती अखंड दिसत होती.

‘लग्नात दिलेच की’ हे आणखी एक नेहमीचे. हुंडा १९६१ पासून बेकायदा आहे. तरीही जो दिला गेला तो आक्काच्या हातात कधी आला? तो सासऱ्यांनी मोजून घेतला आणि नणंदेच्या लग्नात खर्च केला. एका घराने दिलेला आणि दुसऱ्या घराने घेतलेला पैसा मुलीच्या खात्यावर मांडायचा, आणि तोच दाखवून तिचा वाटा काढून घ्यायचा, हा हिशेब माझ्या शाळेतल्या पाचवीच्या मुलालाही पटणार नाही.

नावाची तर वेगळीच तऱ्हा. लग्नात आक्काचे पहिले नावही बदलले होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे. वारस नोंदीच्या वेळी ही दोन्ही नावे एकाच बाईची आहेत असे प्रतिज्ञापत्र तिला करून द्यावे लागले. ज्या घरात जन्मली त्या घराची आहे हे तिने कागदावर लिहून दिले, आणि महिनाभरात तिथले काहीही आपले नाही हेही लिहून दिले. सासरी तिच्या नावावर काही नव्हतेच. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावायचे असा निर्णय झाला आहे, तो चांगलाच आहे. पण त्या आईच्या नावावर जमिनीचा तुकडा असेल का, याचा विचार कधी होणार?

सातबारा हा नुसता मानाचा कागद नाही. पीककर्ज, पीकविमा, ठिबकचे अनुदान, पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये, सगळे त्याच्यावर चालते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीदारांत, म्हणजे शेतीचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांत, बायका सुमारे १४ टक्के आहेत. दुसरीकडे ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायकांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश शेतीतच राबतात. आक्का द्राक्षबागेत उभी राहून जितके काम करते तितके तिच्या कुठल्याही भावाने रानात केलेले नाही, तरी शेतकरी म्हणून तिची कुठे नोंद नाही. ती मजूर.

आणि हे आपल्या मातीत शक्यच नाही, असेही कोणी म्हणू नये. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला बायकांचे एवढे मोठे अधिवेशन घेतले. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करून दिली. भाषणे ऐकून टाळ्या वाजवणारे शेतकरी ते नव्हते, त्यांनी तलाठ्याकडे जाऊन कागद केले. तेच पाऊल बहिणीसाठी उचलायला आमच्या भावांना इतके जड का जाते, यावर आपल्या लेखकांनी लिहावे. तो लेख मी माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी पोचवीन.

दस्त नोंदवताना बाईला भावांपासून बाजूला घेऊन, तिच्या भाषेत मजकूर वाचून दाखवून, तिच्या वाट्याची किंमत किती होते ते सांगून मगच विचारावे, एवढे तरी सक्तीचे करता येईल. त्याला नवा कायदा करण्याची गरज पडेल असे मला वाटत नाही. इतके करूनही ज्या बहिणीला द्यायचे असेल तिने खुशाल द्यावे, तो तिचा अधिकार आहे.

जाता जाता एक तक्रार आपल्या दैनिकाबद्दल. गेल्या पावसाळ्यात आमची आई गेली. शेवटची वर्षे ती आक्काकडेच होती, त्या दोन खोल्यांत. तिला न्हाऊ-खाऊ घालणे, दवाखाना, रात्रीचे उठणे-बसणे सगळे आक्काने केले. आपल्या अंकात आईची निधनवार्ता आली, त्यात दोन्ही मुलग्यांची नावे हुद्द्यांसह होती, पुण्यातल्या नातवाची कंपनी होती, आणि आम्ही होतो ‘दोन विवाहित मुली’. मजकूर भावांनी दिला असेल, हे मी समजू शकते. पण तो छापण्याआधी मुलींची नावे काय, हे आपल्या कार्यालयातल्या माणसाला विचारता आले असते. रोज अशा कितीतरी निधनवार्ता आपल्याकडे अशाच छापून येतात. यापुढे मजकूर घेतानाच मुलींची नावे मागून घ्यावीत आणि मुलग्यांच्या नावांसोबत त्याच ओळीत छापावीत. आक्काला वाचता येते. आईच्या बातमीत तिने स्वतःचे नाव शोधले होते.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, सांगली जिल्हा
(कृपया नाव छापू नये.)